कर्करोगाची नोंदवही : मुंबईपासून बार्शीपर्यंत



मोगऱ्याचे गजरे विकावयास आलेल्या या दिवसांत, दिवसभराच्या उकाड्यानंतर जरा वारा सुटलेला असताना, वक्त्याने कर्करोगाचे नाव काढावे हे आपणांपैकी पुष्कळांना रुचले नसेल. आपल्याकडे या रोगाचे नाव घरात मोठ्याने घेत नाहीत. शेजारच्या घरी कोणी आजारी असले, तर 'तो रोग' एवढेच म्हणून आवाज खाली आणण्याची आपली रीत आहे. तेव्हा प्रारंभीच सांगून टाकतो की, मी वैद्य नव्हे. रोगाची लक्षणे व उपचार सांगण्याचा मला अधिकार नाही. मी इतिहासाचा विद्यार्थी आहे आणि आज आपणांस एका नोंदवहीची हकीकत सांगणार आहे. आपल्याच मुलुखात मांडलेली ही वही आहे. तिच्यातील आकड्यांवरून पुढे साऱ्या जगाने काही निर्णय घेतले. आपण मात्र ते अजून पुरते अमलात आणलेले नाहीत. ही हकीकत सांगण्याचे कारण तेच आहे.

१. साथ आणि जुनाट रोग

रोगांचे दोन प्रकार सामान्य माणसालाही ठाऊक असतात. एक साथीचा, दुसरा जुनाट. १८९६ साली मुंबईत आणि लगेच १८९७ साली पुण्यात प्लेग आला, तेव्हा काय झाले हे येथे सांगण्याची गरज नाही. सरकार खडबडून जागे झाले, कायदा झाला, घरे उघडी पडली, माणसे रानात झोपड्या बांधून राहिली. साथीचा रोग दार ठोठावून येतो, म्हणून तिला राजाही भितो आणि रंकही भितो.

जुनाट रोगाचे तसे नाही. तो घरातल्या माणसासारखा घरातच वाढतो. आज एका घरी, सहा महिन्यांनी दुसऱ्या घरी, असा तो माणसे नेतो. आणि प्रत्येक घराला वाटते की हे आपल्याच नशिबी आले. कोणी कर्माला बोल लावतो, कोणी करणीला. गावाला मिळून भीती वाटत नाही, म्हणून गाव मिळून काही करीत नाही. आणि गाव काही करीत नाही म्हणून सरकारही स्वस्थ राहते.

अशा रोगाविरुद्ध राष्ट्राने काही करावयाचे म्हटले, तर पहिली पायरी कोणती? आपण चटकन म्हणू : रुग्णालये बांधा, यंत्रे आणा, औषधे वाटा. ही सर्व हवीतच. परंतु रुग्णालय कोठे बांधावयाचे, कोणत्या रोगासाठी, किती खाटांचे, आणि बांधल्यावर रोग हटला की नाही हे कशावरून ओळखावयाचे? या प्रश्नांची उत्तरे यंत्रात नसतात, ती मोजणीत असतात. राष्ट्रीय आरोग्यकार्याला जे तांत्रिक साहाय्य म्हणतात, त्याचा गाभा हा आहे. रोगाची व्याख्या ठरविणे, नोंदीचा नमुना ठरविणे, गावोगाव हिंडून तो भरून घेणारी माणसे तयार करणे, आणि वर्षानुवर्षे न कंटाळता बेरजा करीत राहणे, हे ते काम होय. हे काम कारकुनी आहे, त्याला हारतुरे मिळत नाहीत. पण त्यावाचून बाकी सगळे अंधारात काठी फिरविण्यासारखे आहे.

२. मोजण्याची सवय

कर्करोगाचा आणि मोजणीचा संबंध तसा जुना आहे. १७७५ साली लंडनचे शल्यवैद्य पर्सिव्हल पॉट यांनी दाखवून दिले की, धुराडी साफ करणाऱ्या पोरांना पुढे एका विशिष्ट जागी कर्करोग होतो, आणि त्याचे मूळ काजळीत आहे. १८४२ साली इटलीतील रिगोनी-स्टर्न या वैद्याने व्हेरोना शहराच्या मृत्यूच्या नोंदी चाळल्या. त्यात त्याला असे दिसले की, मठात राहणाऱ्या जोगिणींना गर्भाशयाचा कर्करोग क्वचित होतो, विवाहित स्त्रियांना पुष्कळ होतो. स्तनाच्या कर्करोगाचे मात्र नेमके उलट आहे. त्याला कारण सांगता आले नाही; ते कळावयास पुढे जवळजवळ दीडशे वर्षे लागली. पण प्रश्न बरोबर विचारला गेला होता, आणि तो विचारला गेला एका जुन्या मृत्यूच्या वहीमुळे.

हिंदुस्थानातही डोळस वैद्य होऊन गेले. काश्मिरात थंडीसाठी फिरनच्या आत निखाऱ्यांची कांगडी धरतात; त्या जागी कातडीला कर्करोग होतो हे एल्म्सली यांनी १८६६ साली नोंदवले. त्रावणकोरात पानतंबाखू चघळणाऱ्यांच्या तोंडाच्या कर्करोगाविषयी ऑर यांनी १९३३ साली लिहिले. तरीदेखील एक समजूत बराच काळ टिकून होती की, कर्करोग हा सुधारलेल्या पाश्चात्त्य देशांचा रोग आहे, आपल्या देशात तो थोडा. १९३० नंतरच्या दशकात नाथ आणि ग्रेवाल यांनी ठिकठिकाणच्या रुग्णालयांचे कागद तपासून या समजुतीला धक्का दिला.

परंतु रुग्णालयाचे कागद हे अपुरे साधन आहे. रुग्णालयात येतो तो रुग्ण मोजला जातो; जो घरीच कण्हत मेला, तो कोणी मोजावयाचा? शिवाय शंभर रुग्ण आले हे कळले, तरी ते किती लोकांतून आले हे कळल्यावाचून त्या शंभराला अर्थ नाही. एका लाखात शंभर आणि दहा लाखांत शंभर यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. म्हणून खरी मोजणी करावयाची तर एक ठराविक प्रदेश घेतला पाहिजे, त्यातील सारी लोकसंख्या ठाऊक असली पाहिजे, आणि त्या प्रदेशात राहणाऱ्या प्रत्येक रुग्णाची, तो कोठेही उपचारास गेलेला असो, एकदा आणि एकदाच नोंद झाली पाहिजे. याला लोकसंख्याधारित नोंदणी म्हणतात. युरोपात हॅम्बुर्ग शहराने हे काम १९२६ साली आरंभिले आणि डेन्मार्कने साऱ्या देशापुरते १९४२ साली.

३. मुंबईची वही

आपल्याकडे याची पूर्वतयारी मुंबईत परळला झाली. १९४१ च्या फेब्रुवारीत टाटा स्मारक रुग्णालय उघडले. तेथे विकृतिशास्त्राचे प्रमुख म्हणून प्रा. वसंत रामजी खानोलकर आले. लंडनला शिकलेल्या या विद्वानाची दृष्टी सूक्ष्मदर्शकाखालच्या काचेपुरती मर्यादित नव्हती. या काचेवरचा माणूस कोणत्या प्रांतातला, काय खाणारा, काय चघळणारा, कोणते वस्त्र नेसणारा, हे प्रश्न ते विचारीत. १९५२ साली परळलाच भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभे राहिले, तेही त्यांच्याच मार्गदर्शनाखाली. १९५० साली लंडनमध्ये डॉल आणि हिल यांनी सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचे नाते दाखविले, हे सर्वांना ठाऊक आहे. पण १९५५ साली खानोलकर आणि त्यांचे सहकारी संघवी व राव यांनी मुंबईच्या रुग्णांवरून तंबाखूविषयी काय दाखविले, हे आपल्याच लोकांना फारसे ठाऊक नाही. तंबाखू चघळणाऱ्याचा रोग तोंडात पुढच्या बाजूस आणि विडी ओढणाऱ्याचा घशाकडे, जिभेच्या मुळाशी अधिक आढळतो, असे त्यांच्या अभ्यासातून पुढे आले. जेथे तंबाखू अधिक वेळ टेकते तेथे घात करते, असा याचा साधा अर्थ.

त्यानंतरचे पाऊल डॉ. दाराब जस्सावाला यांनी टाकले. त्यांनी नवल टाटा यांच्यासह १९५१ साली भारतीय कर्करोग संस्था स्थापन केली होती. या संस्थेने १९६३ साली मुंबई कर्करोग नोंदणी सुरू केली. भारतातील ही पहिली लोकसंख्याधारित नोंदणी.

हे काम कसे चालते ते थोडे सांगतो, कारण त्यातच त्याची थोरवी आहे. देवी किंवा पटकी यांसारखा कर्करोग सरकारला कळविलाच पाहिजे असा कायदा नव्हता. तेव्हा रुग्णालये माहिती पाठवतील ही आशा व्यर्थ. म्हणून नोंदणीची माणसे स्वतःच रोज रुग्णालयांत जात. विकृतिशास्त्राच्या प्रयोगशाळा, क्षकिरण विभाग, शस्त्रक्रियेच्या वह्या, खाजगी शुश्रूषागृहे असे सर्व पालथे घालीत. आणि शेवटी महापालिकेच्या मृत्युनोंदणीत कर्करोगाने मेलेल्यांची नावे आपल्या यादीशी ताडून पाहत. आता मुंबईतला रुग्ण एका ठिकाणी थांबत नाही. आज केईएममध्ये, उद्या टाटात, परवा एखाद्या खाजगी वैद्याकडे. एके ठिकाणी त्याचे आडनाव लिहिलेले असते, दुसऱ्या ठिकाणी नुसते वडिलांचे नाव, तिसऱ्या ठिकाणी वय दहा वर्षांनी कमी. हे तिघे एकच की तीन, हे कारकुनाने पत्ता, वय आणि रोगाची जागा पाहून ठरवावयाचे. शिवाय उपचारापुरता रत्नागिरीहून वा नगरहून आलेला रुग्ण मुंबईच्या हिशेबात धरावयाचा नाही. निदान वर्षभर मुंबईत राहिलेला असेल तरच धरावयाचा. इतके केले की मग जनगणनेचा आकडा खाली घालून भागाकार करता येतो.

या वहीतून पुष्कळ गोष्टी उघड झाल्या. पारशी स्त्रियांत स्तनाचा कर्करोग इतरांहून अधिक आणि गर्भाशयमुखाचा पुष्कळच कमी आढळला. उशिरा लग्न आणि थोडी मुले यांच्याशी त्याचे नाते दिसते. व्हेरोनाच्या जोगिणींची गोष्ट आपणांस आठवलीच असेल. पुढे दशकामागून दशके आकडे जमत गेले, तसे दिसू लागले की मुंबईच्या सर्वच स्त्रियांत गर्भाशयमुखाचा कर्करोग हळूहळू उतरतो आहे आणि स्तनाचा चढतो आहे. एका वर्षाच्या आकड्यांवरून हे कळत नाही. वीस-तीस वर्षे एकाच रीतीने मोजले तरच कळते. ल्यों येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था साऱ्या जगाच्या नोंदींचे ग्रंथ प्रसिद्ध करते; त्यांच्या १९७० च्या खंडात मुंबईचे आकडे डेन्मार्क-इंग्लंडच्या शेजारी मानाने छापले गेले. भारतीय कर्करोग संस्थेच्या वतीने पुण्यात १९७२ साली, औरंगाबादेत १९७८ साली आणि नागपुरात १९८० साली नोंदणी कार्यालये उघडली.

याच काळात दुसऱ्या अंगानेही काम चालू होते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. फली मेहता, प्रकाश गुप्ता आणि कोपनहेगनचे पिंडबोर्ग यांच्या मंडळाने देशातील पाच जिल्ह्यांतील पन्नास हजारांवर खेडुतांची तोंडे तपासली. पुणे जिल्ह्यात तर एक लाख एक हजार सातशे एकसष्ट खेडुतांची तपासणी झाली. ती १९७२ साली प्रसिद्ध झाली. मिसरी लावणाऱ्या आयाबायांची गणती शास्त्राच्या कागदावर आली ती अशा पाहण्यांमुळे. दात घासण्याचे निमित्त, पण खरे व्यसन तंबाखूचेच! ते बायकांचे म्हणून कोणी व्यसन म्हणत नव्हते, एवढेच. पुढे याच मंडळाने एर्नाकुलम, भावनगर आणि श्रीकाकुलम या जिल्ह्यांतील छत्तीस हजारांवर तंबाखू खाणाऱ्या-ओढणाऱ्यांना वर्षानुवर्षे समजावून सांगण्याचा प्रयोग केला. त्याचे फळ १९८६ साली जगासमोर मांडले गेले. पुष्कळांनी तंबाखू सोडली वा कमी केली, आणि तोंडात कर्करोगापूर्वी येणारे पांढरे चट्टे कमी झाले. उपदेश फुकट जातो असे आपण म्हणतो. पण नेटाने केलेला आणि नंतर मोजलेला उपदेश फुकट गेला नाही.

४. राष्ट्राची वही

सरकारने राष्ट्रीय कर्करोग नियंत्रण कार्यक्रम १९७५-७६ साली हाती घेतला. पण कार्यक्रमाला डोळे हवेत, म्हणून भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने १९८१ च्या अखेरीस राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रम सुरू केला आणि १९८२ च्या जानेवारीपासून मुंबई, मद्रास आणि बंगलोर या तीन शहरांची लोकसंख्याधारित नोंद एका नमुन्याने होऊ लागली. त्याचे सूत्रचालन बंगलोरहून होत असे. त्या कचेरीतूनच पुढे २०११ साली एक स्वतंत्र राष्ट्रीय संस्था निर्माण झाली. २०१० साली सरकारने कर्करोग, मधुमेह, हृदयविकार आणि पक्षाघात यांचा मिळून एक कार्यक्रम आखला, तेव्हा नोंदीची ही परंपरा त्याच्या हाताशी होती.

परंतु वरची तिन्ही नावे पुन्हा एकदा ध्यानात घ्या. मुंबई, मद्रास, बंगलोर. सगळी शहरे! ज्या देशाचे बहुसंख्य लोक खेड्यांत राहतात, त्या देशाच्या वहीत खेडे नव्हते. याला कारणही होते. शहरात रुग्णालये आहेत, प्रयोगशाळा आहेत, मृत्यूचा दाखला वैद्य देतो. खेड्यात म्हातारी वारली, तर वहीत 'वार्धक्य' लिहिले जाई, किंवा 'ताप' किंवा 'पोटाचा विकार'. तिच्या अंगावरून दोन वर्षे जात होते, हे सुनेला ठाऊक असे. पण ते सांगावयाचे कोणाला, आणि लिहून घेणार कोण?

५. बार्शी

हा प्रश्न सोडविण्याचा पहिला यत्न झाला तो सोलापूर जिल्ह्यातील बार्शीस. डाळी-करडईच्या व्यापाराचे आणि भगवंताच्या देवळाचे हे गाव. तेथे डॉ. भगवान नेने व त्यांच्या सहकाऱ्यांच्या खटपटीने ग्रामीण भागासाठी कर्करोग रुग्णालय उभे राहिले, त्याला नर्गिस दत्त यांचे नाव दिले गेले. टाटा स्मारक केंद्राच्या साहाय्याने १९८७ साली तेथे भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी आणि त्याला लागून असलेले परांडा व भूम हे तालुके, ३४६ खेडी, सुमारे चार लाख वस्ती, एवढा तिचा प्रदेश.

मुंबईची रीत येथे चालण्यासारखी नव्हती. वहीत नावे यावीत म्हणून रुग्णालयात वाट पाहून भागणार नव्हते, खेड्याकडे जावे लागणार होते. नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव जात. सरपंच, पोलीस पाटील, शिक्षक, दाई, गावातला डॉक्टर यांच्याशी ओळख करीत. देवळाच्या ओट्यावर वा शाळेत बायका-पुरुषांना जमवून रोगाची लक्षणे सांगत. कोणाला गाठ आहे, कोणाच्या तोंडातील जखम भरत नाही, कोणाला पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्त दिसते, अशांची चौकशी करून त्यांना बार्शीस आणून तपासीत. मृत्यू झाला असेल तर घरच्यांना विचारून लिहून घेत. नोंद करणे आणि उपचारास आणणे ही दोन कामे येथे एकच होऊन गेली.

या वहीने दोन गोष्टी दाखविल्या. पहिली, खेड्यात कर्करोगाचे एकूण प्रमाण मुंबईच्या निम्म्याच्या आसपास होते. पण स्त्रियांत पहिला क्रमांक गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा होता. म्हणजे आपल्या खेड्यातील बाई मरत होती ती अशा रोगाने, जो वेळीच दिसला तर सहसा बरा होतो. दुसरी गोष्ट अधिक आशेची. काही वर्षे गावोगाव नुसते सांगत हिंडल्यावर, ज्या स्त्रिया रुग्णालयात येत त्यांच्यात रोगाच्या आरंभीच्या अवस्थेत येणाऱ्यांचा वाटा वाढला. हा निष्कर्ष १९९५ साली प्रसिद्ध झाला. नवे यंत्र आले नव्हते, नवे औषध आले नव्हते. लाज थोडी सुटली होती आणि रस्ता माहीत झाला होता, इतकेच.

६. चौसष्ट आणि चौतीस

आता मी या इतिहासाच्या सर्वांत महत्त्वाच्या आणि सर्वांत अवघड भागाकडे वळतो.

गर्भाशयमुखाचा कर्करोग एका रात्रीत होत नाही. त्याच्या आधी दहा-दहा वर्षे तेथील पेशी बिघडत असतात. ते हुडकून काढण्याची युक्ती पापानिकोलाउ यांनी शोधली; १९४३ साली त्यांचा ग्रंथ आला आणि पुढे श्रीमंत देशांत या तपासणीने रोग पुष्कळ हटला. परंतु तिला कुशल तंत्रज्ञ लागतात, सूक्ष्मदर्शक लागतात, आणि बाईला पुन्हा पुन्हा बोलवावे लागते. पुढे जर्मनीचे हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी १९८३ साली दाखविले की या रोगाच्या मुळाशी एक विषाणू आहे. त्यासाठी त्यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले, आणि व्हेरोनाच्या जोगिणींचे कोडे सुटले. तेव्हा विषाणूचीच तपासणी करणे हा दुसरा उपाय झाला. तिसरा उपाय अगदी स्वस्त. सौम्य आम्ल, म्हणजे व्हिनेगरसारखे पाणी, लावून बिघडलेला भाग पांढरा पडतो की काय हे प्रशिक्षित परिचारिकेने डोळ्यांनी पाहावयाचे.

या तिहींपैकी आपल्या खेड्यात कोणता कामी येईल? हे ठरविण्यासाठी बार्शीचे रुग्णालय, टाटा स्मारक केंद्र आणि ल्योंची संस्था यांनी मिळून १९९९ च्या अखेरीस तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात एक प्रचंड प्रयोग आरंभिला. खेड्यांचे ५२ गट पाडले. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया त्यांत होत्या. एका भागात विषाणूची तपासणी, दुसऱ्यात पेशींची, तिसऱ्यात आम्लाची. चौथ्या भागातील स्त्रियांना रोगाची माहिती दिली. तपासणी मात्र नेहमीच्या सोयींवर सोडली. तुलनेसाठी असा गट लागतो. मग आठ वर्षे वही भरत राहिली.

निकाल २००९ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतील एका थोर वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. ज्या ३४,१२६ स्त्रियांच्या वाट्यास विषाणूची एकच तपासणी आली होती, त्यांत या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले. ज्या ३१,४८८ स्त्रियांना ती मिळाली नव्हती, त्यांत ६४. आयुष्यात एकदा केलेल्या तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले! बाकीच्या दोन पद्धतींनी येथे तसा खात्रीचा फरक दिसला नाही. आम्लाच्या तपासणीने तमिळनाडूतील दिंडीगल जिल्ह्यात मृत्यू घटले होते, आणि मुंबईच्या झोपडवस्त्यांत १९९८ पासून चाललेल्या मोठ्या प्रयोगातही, काही आठवड्यांचे शिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी तपासणी केली तेव्हा मृत्यू एकतीस टक्क्यांनी घटल्याचे २०१४ साली प्रसिद्ध झाले. डोळ्यांची तपासणी ही पाहणाऱ्याच्या डोळ्यांवर अवलंबून असते. नीट शिकवले आणि पुन्हा पुन्हा पाहिले तर ती कामी येते, हे यावरून समजते.

श्रोतेहो, या आकड्यांवर टाळ्या वाजवण्याआधी आपण क्षणभर थांबले पाहिजे. त्या चौथ्या गटातील चौसष्ट स्त्रिया कोण होत्या? त्या काही परक्या नव्हत्या. परांड्याच्या, कळंबच्या, तुळजापूरच्या वाटेवर ज्या बाया आपणांस रोज भेटतात, त्यांच्यातल्याच त्या. तपासणीने लाभ होतो हे पाश्चात्त्य देशांच्या अनुभवाने ठाऊक असताना त्यांना ती न देता वर्षानुवर्षे केवळ मृत्यू मोजत राहणे न्याय्य होते काय, असा प्रश्न पुढे जगभर विचारला गेला. त्या स्त्रियांना पुरते समजावून त्यांची संमती घेतली गेली काय, हाही प्रश्न निघाला. प्रयोग करणाऱ्यांचे उत्तर असे की, त्या काळी देशात खेड्यातील बाईला तपासणी मिळतच नव्हती. जे मिळतच नव्हते, ते आम्ही काढून घेतले नाही. उलट, कोणती पद्धत येथे तारते हे ठरल्यावाचून सरकार कोट्यवधी स्त्रियांसाठी पाऊल उचलणार नव्हते.

या वादात दोन्ही बाजूंस वजन आहे. पण 'नाही तरी मिळत नव्हते' हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. जिच्या दारात वही घेऊन जावयाचे, तिच्या दारात उपचारही नेता येतो, हे बार्शीनेच आधी दाखविले होते. तथापि जे होऊन गेले ते गेले. आता त्या चौसष्ट नोंदी म्हणजे आपल्या डोक्यावरचे ऋण आहे, असे मी मानतो. हे ऋण शोकाने फिटत नाही, वादानेही फिटत नाही. ज्या ज्ञानासाठी त्या मोजल्या गेल्या, ते ज्ञान उरलेल्या सर्व स्त्रियांपर्यंत पोचले तरच ते फिटेल.

७. अपुरी राहिलेली लस

याच प्रदेशातील आणखी एक हकीकत थोडक्यात सांगतो. २००९ साली या विषाणूवरील लसीचा एक अभ्यास देशातील निरनिराळ्या केंद्रांत सुरू झाला. बार्शी आणि पुणे ही त्यांतली दोन. मुलींना तीन मात्रा द्याव्यात की दोन, एवढाच प्रश्न होता. तोच आंध्र आणि गुजरातेतील एका वेगळ्या लसीकरण प्रकल्पात काही मुलींचे मृत्यू झाले. ते लसीमुळे झाल्याचे चौकशीत आढळले नाही, पण संमती घेण्यातले दोष उघड झाले. २०१० च्या एप्रिलमध्ये सरकारने अशी सर्व कामे थांबविली. हजारो मुलींच्या मात्रा अर्ध्यावर राहिल्या. जवळजवळ पाच हजार मुलींना एकच मात्रा मिळाली होती.

दुसरे कोणी असते तर कागद गुंडाळून ठेवले असते. येथे मात्र नोंदी ठेवणाऱ्यांनी त्या मुलींचा माग सोडला नाही. दहा वर्षे त्यांना तपासत राहिले, आणि २०२१ साली निष्पन्न झाले की विषाणूच्या मुख्य दोन प्रकारांपासून एका मात्रेने मिळालेले संरक्षण दोन-तीन मात्रांच्या तोडीचे आहे. २०२२ च्या डिसेंबरात जागतिक आरोग्य संघटनेने एका मात्रेला मान्यता दिली, तेव्हा आधारासाठी घेतलेल्या पुराव्यांत या मुलींचा वाटा होता. गरीब राष्ट्रांचा खर्च त्यामुळे कितीतरी उतरला. मोडलेल्या कामातूनही एवढे पीक निघाले, याचे श्रेय चिकाटीने चालू ठेवलेल्या वहीला आहे.

८. उरलेले काम

आता या साऱ्याचा आपण काय उपयोग केला? तंबाखूच्या बाबतीत कायदे झाले. २०१२ साली महाराष्ट्राने गुटख्यावर बंदी घातली. ती पानपट्टीवर कितपत पाळली जाते, हे आपण माझ्याहून चांगले जाणता. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या आपल्या मार्गदर्शनात विषाणूच्या तपासणीला प्रथम पसंती दिली. तिच्या आधारांत उस्मानाबादेचा प्रयोग आहे. आपल्या केंद्र सरकारनेही २०१६ साली तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तिन्हींची तपासणी तीस वर्षांवरील लोकांसाठी गावपातळीवर करण्याची योजना आखली. परंतु २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत असे दिसले की, देशातील ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी शंभरात दोघींचीही गर्भाशयमुखाची तपासणी कधी झालेली नव्हती. ज्या मातीत ज्ञान पिकले, तेथेच ते पेरावयाचे राहून गेले!

हे केवळ सरकारचे अपयश म्हणून मला मोकळे होता येत नाही. तपासणीची सोय असूनही बायका येत नाहीत, असा अनुभव आरोग्यसेविका सांगतात. घरच्या पुरुषाने 'जाऊन ये' म्हटलेले नसते. सासूने 'आमच्या वेळी नव्हते असले काही' म्हटलेले असते. आणि बाईला स्वतःला शेवटची भाकरी वाढून होईपर्यंत आपल्या देहाची आठवण होत नाही. यंत्र, लस, नमुना, तक्ता हे सारे तांत्रिक साहाय्य गावाच्या वेशीपर्यंत येऊ शकते. वेशीपासून उंबऱ्यापर्यंतचे अंतर मात्र घरच्या माणसांनीच तोडावयाचे असते.

१९६३ साली मुंबईत ज्या कारकुनांनी रुग्णालयांच्या वह्या चाळावयास सुरुवात केली, त्यांची नावे कोणत्याही इतिहासात नाहीत. बार्शीहून एस.टी. ने आणि मग पायी गावोगाव गेलेल्या कार्यकर्त्यांचीही नाहीत. राजेरजवाड्यांच्या दप्तरांतून आपण इतिहास लिहितो. पण एखाद्या काळी सामान्य माणूस कसा जगला आणि कशाने मेला, हे ज्या दप्तरात लिहिले आहे, ते दप्तर हेच. त्यात आपल्या आजीची, आत्याची ओळ असेल. ती ओळ लिहिली गेली म्हणून कोणाची तरी लेक वाचण्याचा मार्ग सापडला आहे.

आज घरी गेल्यावर आपण प्रत्येकाने एवढेच करावे. घरातील तीस वर्षांवरील स्त्रीला, मग ती आई असो, पत्नी असो, बहीण असो वा भावजय असो, सरळ विचारावे की तुझी तपासणी झाली आहे काय? हा प्रश्न विचारताना आवाज खाली आणू नये. नसेल झाली, तर तिच्याबरोबर स्वतः जावे. त्या चौसष्ट स्त्रियांच्या ऋणातील आपला हप्ता तेवढाच आहे, आणि तो फेडणे कोणालाही जड नाही.